न शिकवणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना कुणी वेळ विचारली तर त्या घड्याळाकडे बघायच्या नाहीत, विचारणाऱ्याकडे बघायच्या. "तुला काय वाटतं, किती वाजले असतील?" मग आपण खिडकीतलं ऊन बघायचं, पोटातली भूक चाचपायची आणि बिचकत म्हणायचं, साडेबारा. त्यावर त्यांचा चेहरा उजळायचा आणि पुढचा प्रश्न यायचा, कशावरून? आता कशावरून म्हणजे काय, कपाळ माझं! पण भूक लागली यावरून, असं म्हणायची सोय नव्हती. मग भूक का लागते यावर अख्खा तास गेला असता, आणि तो तास घेतला कुणी असता? आम्हीच.

पेणला हायवेच्या कडेला आमचं नर्सिंग कॉलेज. एका अंगाला पेट्रोल पंप, दुसऱ्या अंगाला गणपतीचे कारखाने, त्यामुळे आमचे पांढरे युनिफॉर्म प्लास्टरच्या भुकटीने आणखीच पांढरे व्हायचे. मॅडम आम्हाला कम्युनिटी हेल्थ शिकवायच्या, म्हणजे गावात, लोकांच्या घरी जाऊन करायचं नर्सिंग. 'शिकवायच्या' हे आपलं म्हणायला. साडीखाली स्पोर्ट्स शूज, काखेत बारमाही छत्री आणि पर्समध्ये भाजलेल्या चण्यांची पुडी अशा थाटात त्या वर्गात यायच्या आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. समोरची शिक्षकाची खुर्ची रिकामी. पहिल्या दिवशी आम्ही वह्या उघडल्या, पेनांची टोपणं काढली आणि वाट बघत बसलो. मागून फक्त चणे चावल्याचा आवाज. शेवटी एकीने धीर करून विचारलं, मॅडम, सुरू करायचं का? तर मॅडम म्हणाल्या, "मी तर कधीची वाट बघतेय."

मी निडीची. घरी जाऊन आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, मग तिथं शिकवतं कोन गो? म्हटलं, आम्हीच. तर म्हणाली, मग घरी बसून शिकायचं होतंस, गाडीची दगदग तरी वाचली असती. मला तेव्हा आईचं अगदी पटलं होतं. आमच्यासारख्यांच्या घरातून मुलगी नर्सिंगला जाते ती नोकरी लागावी म्हणून जाते, आणि नोकरी लागायला पास व्हावं लागतं, आणि पास व्हायला कुणीतरी नोट्स द्याव्या लागतात. इतकी सरळ गोष्ट. पण सरळ गोष्टींचं आणि मॅडमचं वाकडं.

"मॅडम, समजलं नाही," असं कुणी म्हटलं की त्या "वा!" म्हणायच्या, जणू मुलीने बक्षीस मिळवलंय. आणि "समजलं" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. समजलं म्हणणारीला त्या पुढे बोलावून समजावून सांगायला लावायच्या, आणि पाच मिनिटांत तिला कळून चुकायचं की आपल्याला ओ की ठो समजलेलं नाही. मग तिलाही "वा!" मिळायचा. महिनाभरात वर्गातल्या मुली इतक्या सावध झाल्या, की समजलेल्या गोष्टीसुद्धा समजल्या नाहीत म्हणून सांगायला लागल्या.

मॅडम रोह्याच्या. सकाळच्या गाडीला त्या रोह्याला चढायच्या, मी निडीला. एकच गाडी, त्यामुळे सुटका नाही. एकदा मी मुद्दाम मागच्या डब्यात चढले. दुसऱ्या दिवशी मला खिडकीशी जागा करून देत त्या म्हणाल्या, काल तू मागे का बसलीस ते सांगू नकोस, मी अंदाज करते. आणि नागोठणं येईपर्यंत त्यांनी एकामागून एक असे अंदाज केले, की त्यातला खरा आला तेव्हा मी मान खाली घातली. रागावल्या नाहीत. उलट, कंटाळा ही फार उपयोगी गोष्ट आहे, पेशंटला नर्सचा कंटाळा कधी येतो ते शोधून काढ, असं काहीतरी माझ्या गळ्यात घातलं. मी त्यावर पुढे एक अख्खा तास घेतला. बघा आता.

लग्न का नाही केलंत, असं एका आगाऊ मुलीने विचारलं होतं. तुम्हाला काय वाटतं, असं अर्थातच आलं. वर्गाने मग हौसेने कारणं काढली. कुणी प्रेमभंग काढला, कुणी पत्रिकेतला मंगळ काढला, कुणी बेपत्ता झालेला फौजी काढला. मॅडमनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, फौजी चांगला आहे, तोच ठेवू. त्यानंतर आमच्या पुढच्या बॅचलाही तो फौजी खरा वाटत होता.

इंटर्नल मार्कांची गोष्ट तर सगळ्या कॉलेजला माहीत होती. त्यांनी आम्हाला सांगितलं, आपापले मार्क आपणच ठरवा आणि का ते सांगा. आम्ही पडलो संस्कारी. सगळ्यांनी विनय दाखवून बेताचे मार्क घेतले, मनात हे की मॅडम म्हणतील, अगं, तू तर जास्त पात्र आहेस. कसलं डोंबल! त्यांनी तेच मार्क जसेच्या तसे पाठवले. एक वडखळची पोरगी होती, तिने स्वतःला जवळजवळ पैकीच्या पैकी दिले होते आणि कारण दिलं होतं, मला हवेत. तिलाही तेच मिळाले. आम्ही आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला आणि प्रिन्सिपॉल सरांकडे तक्रार घेऊन गेलो. सरांनी मॅडमना बोलावलं. त्या सरांना काय म्हणाल्या असतील ते सांगायला नको. सर केबिनमधून बाहेर आले ते पाणी मागत आले.

एक मात्र सांगायला हवं. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात आमची पोस्टिंग असायची, तिथे सुई हातात आली की या मॅडम गायब आणि दुसऱ्याच कुणी हजर. तिथे 'काय वाटतं' बिटतं काही नाही. हात धरून, दंड दाखवून, इथे, एवढंच, आता, असा हुकूम. एकीने औषधाची बाटली न वाचता उचलली तर तिला त्यांनी भर वॉर्डात असं झापलं की पेशंट उठून बसला. पेशंटच्या जिवावर शिकायचं नाही, बाकी सगळ्यावर शिका, असा त्यांचा हिशोब होता. तो आम्हाला फार उशिरा कळला.

आणि ही बाई कायम नव्हती. दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना देव पाण्यात घालून बसायचं, मग परत अकरा महिने. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी आम्हाला सांगितलं होतं, की मॅडमचं वय आता अशा ठिकाणी आलंय की इथे कायम झाल्या तर झाल्या, दुसरीकडे कुणी घ्यायचं नाही. त्यांच्या मागून आलेले दोघे कायम होऊन गेले होते. ते दोघेही खुर्चीत बसून, पुस्तकातून बघून, छान खणखणीत शिकवायचे. मॅडमनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण उलट प्रश्न झेलायची ताकद नव्हती.

तर मिठाची गोष्ट.

तिसऱ्या वर्षी आम्हाला खाडीकाठच्या एका गावात आरोग्यशिक्षण द्यायचं होतं. कासूला उतरून पुढे टमटमने जायचं. विषय मिळाला ब्लड प्रेशर. आम्ही चार जणींनी झटून तयारी केली. चार्ट रंगवले. एका चार्टवर मिठाची बरणी आणि तिच्यावर लालभडक फुली. खाली मोठ्या अक्षरात, 'मीठ म्हणजे पांढरं विष'. मॅडमना दाखवला. बरोबर आहे ना मॅडम? तुम्हाला काय वाटतं? आम्हाला तर फारच छान वाटत होतं. त्यांनी चार्ट थोडा लांब धरून बघितला, फुली छान आलीये म्हणाल्या आणि परत दिला.

ते गाव मीठागरांचं. उरलीसुरली जी मीठागरं अजून चालतात, त्यावर निम्मं गाव उभं. आमच्या चौघींत दोघी तर मीठागरवाल्यांच्याच घरातल्या, पण त्यांच्याही डोक्यात आलं नाही. कॉलेजात शिरताना आम्ही घर चपलांसारखं बाहेर काढून ठेवायचो, त्याला काय करणार? समाजमंदिरात बाया जमल्या, आमच्यातल्या एकीने गोड आवाजात चार्ट उलगडला आणि म्हणाली, मीठ म्हणजे पांढरं विष.

मग पुढे बसलेल्या एका काकी उठल्या. काळ्यासावळ्या, उंच, पायाच्या टाचा मिठाने फुटलेल्या. त्यांनी चार्ट जवळून न्याहाळला आणि विचारलं, "म्हंजी आख्खा जलम आमी इष पिकवताव, असंच ना गो?"

मग जो गलका झाला! कुणी म्हणे आमचं मीठ खाडीचं, देवाचं, त्याने काही होत नाही, पिशवीतलं दुकानाचं मीठ वाईट. एक म्हातारे म्हणाले, ज्याला घाम येतो त्याला बीपी होतच नाही. ते स्वतः कधी घाम येईल असं काही करत नाहीत, असं त्यांच्या सुनेने मागून सांगितलं. कुणी म्हणे ही कंपनीवाल्यांची माणसं आहेत, मीठागरं बंद करायला आलीत. गावाचं शास्त्र आमच्या चार्टइतकंच कच्चं होतं, पण आवाज त्यांचा मोठा. आम्ही रडकुंडीला आलो. आणि मॅडम? त्या बायांच्या घोळक्यात शेवटी मांडी घालून बसल्या होत्या, कुणाच्या तरी नातवाला मांडीवर घेऊन, आणि तोंडातून शब्द नाही.

भांडण झालं तरी जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्या बाजूची रीत. काकींच्याच घरी जेवलो. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. चटणीत मीठ म्हणाल तर समुद्रच. आम्ही पांढरं विष मिटक्या मारत खाल्लं. मॅडमनी दोनदा मागून घेतली.

परतीच्या वाटेवर माझा बांध फुटला. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं, आमचं हसं होणार ते तुम्हाला ठाऊक होतं. त्यांनी काय म्हटलं असेल? बरोबर. मी त्या दिवशी ठरवलं, या बाईशी बोलायचं नाही, आणि पुढचा आठवडाभर गाडीत उभी राहून आले.

आठवड्याने वर्गात आलो तर शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीत काकी बसलेल्या. मॅडमनी त्यांना घेऊन यायला पहाटेची गाडी धरली होती म्हणे. मॅडम नेहमीप्रमाणे मागे. काकी आमच्याकडे बघतायत, आम्ही काकींकडे. शेवटी मीच चिडून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काकी, तुम्हाला बीपी आहे का? हाय. गोळी मिळते ना? मिळते. रोज घेता ना? नाय. मग का नाही घेत? काकींनी वर्गात पुरुष कुणी नाही ना ते बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ती गोली घेतली का घडी घडी जावा लागतं. मीठागरावर आडोसा कुठं हाय?"

पुस्तकात त्या गोळीच्या परिणामांची यादी होती, आम्हाला तोंडपाठ होती. लघवी वाढते, हे वाक्य आम्ही परीक्षेत कितीदा लिहिलं होतं. उघड्या रानात, ना झाड ना भिंत, दिवसभर कमरेत वाकून काम करणाऱ्या बाईला ते वाक्य कसं लागू पडतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तासभर आम्ही काकींना प्रश्न विचारत होतो आणि त्या सांगत होत्या. पुढे आम्ही चौघी त्यांना घेऊन दवाखान्यात डॉक्टरांकडे गेलो, डॉक्टरांनी गोळी बदलली, काकींचं बीपी उतरलं. मिठाचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. ते आमचं खाडीचं, म्हणाल्या. इलाज नाही.

त्या दिवसानंतर मी परत गाडीत बसून यायला लागले.

आता कमिटी. आमच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं, की यापुढे सर्व आरोग्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांत अध्यापन विद्यार्थीकेंद्रित असलं पाहिजे आणि ते तसं आहे की नाही हे बघायला समिती येईल. प्रिन्सिपॉल सरांना विद्यार्थीकेंद्रित म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण समिती म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पहिल्यांदा फ्लेक्स छापून घेतला. 'विद्यार्थी हाच केंद्रबिंदू'. फ्लेक्सच्या केंद्रस्थानी सरांचा सूट घातलेला फोटो आणि आम्ही विद्यार्थिनी भोवती महिरपीसारख्या. वर्गातल्या खुर्च्या गोलाकार मांडल्या आणि मधोमध समितीसाठी सोफा आणवला.

मग कुणाला तरी आठवलं, की हे असलं खूळ आपल्याकडे एका बाईंना आधीपासूनच आहे. सरांनी मॅडमना बोलावून सांगितलं, प्रात्यक्षिक तास तुमचा. समिती खूश झाली तर तुमची ऑर्डर कायमची. हे क्लार्कबाईंनी दाराआडून ऐकलं आणि दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं. आम्हाला इतका आनंद झाला, की त्याच दिवशी आम्ही देवाला नारळ बोलून मोकळ्या झालो.

पण तास सरांनी बसवला. कोण कधी हात वर करणार, गटचर्चा किती वेळ, शंका कुणाला येणार, सगळं ठरलेलं. 'सहजस्फूर्त प्रश्न' माझ्या वाट्याला आला होता. मी हसतमुखाने उभं राहून म्हणायचं होतं, "मॅडम, यावर आपण गटात चर्चा करू या का?" समितीच्या तक्त्यात रुग्ण-सहभाग असाही एक रकाना होता, म्हणून काकींना बोलावलं. त्यांना एकच वाक्य होतं, मला फार फायदा झाला. मॅडमनी या सगळ्याला मान डोलावली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

आणि त्या दिवशी मॅडम आल्या त्या केस काळे करून. स्पोर्ट्स शूज नाहीत, चामड्याच्या चपला. नवी कोरी मोतिया रंगाची साडी, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. पर्समधून चणे नाहीसे झाले होते. तेव्हा मला कळलं, या बाईला ही नोकरी किती हवी होती. इतके दिवस वाटायचं, या माणसाला काही नकोच असतं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे भारदस्त डॉक्टर, डोळे अर्धे मिटलेले. तास सुरू झाला. मी सहजस्फूर्त प्रश्न विचारला, हसले. चर्चा झाली. शंका ज्यांना यायच्या होत्या त्यांना आल्या. काकींनी फायदा झाल्याचं सांगितलं. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. इतक्यात अध्यक्षांनी डोळे उघडले आणि पाठात नसलेला एक प्रश्न विचारला. काकींना म्हणाले, "या मॅडम तुम्हाला काय शिकवतात?"

काकी खूश झाल्या. मनातलं बोलायला मिळालं. "काय नाय शिकवीत," त्या म्हणाल्या. "येतात, बसतात, गप आयकून घेतात. दवाखान्यान अशी दुसरी कोन हाय?"

अध्यक्षांनी पहिले तीन शब्द ऐकले आणि बाकीच्या दोघांकडे बघितलं. प्रिन्सिपॉल सरांनी घाम पुसला. अध्यक्ष मॅडमकडे वळले. यावर तुमचं काय म्हणणं आहे, असं त्यांनी विचारलं, आणि चांगल्या शब्दांत विचारलं. मॅडमनी एवढंच सांगायचं होतं, की हो, मी ऐकते, आणि ऐकल्यामुळे या बाईंची गोळी बदलली. दोन वाक्यं. आम्ही सगळ्या जणी मनातल्या मनात ती वाक्यं त्यांच्या तोंडात घालत होतो. मॅडमनी तोंड उघडलं. आणि जन्माची खोड! त्यांनी अध्यक्षांकडे त्याच कौतुकाने बघितलं, ज्या कौतुकाने त्या आमच्याकडे बघायच्या, आणि म्हणाल्या, "आपल्याला काय वाटतं, सर?"

समारोपाच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, उपक्रम स्तुत्य आहे, परंतु शिक्षिका निष्क्रिय आहेत. विद्यार्थीकेंद्रित अध्यापनात शिक्षकाने यापेक्षा पुष्कळ अधिक बोलणं अपेक्षित आहे. सरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, सवय असते हाताला.

संध्याकाळी मॅडम काकींना सोडायला कासूला उतरल्या. मी गाडीतच होते. काकी फलाटावर काहीतरी भरभरून सांगत होत्या, आपण किती छान बोललो ते असणार. मॅडम ऐकत होत्या. नवी चप्पल पायाला चावली असावी, कारण त्यांनी ती काढून हातात घेतली होती. गाडी सुटली तरी त्या दोघी तशाच चालत होत्या. त्या वर्षी मॅडमना ऑर्डर आली नाही.

आमच्या कॉलेजला मात्र पुढच्या खेपेला विद्यार्थीकेंद्रित अध्यापनासाठी शाबासकी मिळाली. हत्ती काढून टाकला आणि शेपटीची पूजा केली. मी पास झाले, मुंबईत हॉस्पिटलात काही वर्षं काढली, आणि फिरून याच कॉलेजात ट्यूटर म्हणून लागले. ऑर्डर अकरा महिन्यांची. आता येत्या सोमवारी परत समिती यायची आहे. प्रात्यक्षिक तास माझा. सरांनी सांगितलंय, समिती खूश झाली तर कायम. तास बसवलेला आहे. सहजस्फूर्त प्रश्न पहिल्या वर्षाच्या एका मुलीला दिलाय, ती घरी आरशासमोर हसण्याचा सराव करते म्हणे. प्रश्न तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. फ्लेक्ससुद्धा तोच, फक्त सरांचा फोटो नवीन.

परवा रविवारी मी रोह्याला मॅडमकडे गेले. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात त्यांचं घर आहे. ओट्यावर बीपीचं जुनं मशीन घेऊन बसतात. धाटावच्या कंपनीतून शिफ्ट सुटलेली माणसं घरी जाताना टेकतात, बीपी मोजून घेतात आणि तासभर आपलं काहीबाही सांगत बसतात. केस परत पांढरे झालेत. चणे परत आलेत. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मॅडम, मी काय करू?

त्या काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. गाडीत मी उत्तरसुद्धा तयार केलं होतं. मला वाटतं, की तो बसवलेला तास टाकून द्यावा, कुणीतरी खरं माणूस त्या खुर्चीत बसवावं आणि होईल ते होऊ द्यावं, असं छान बाणेदार उत्तर. त्यांनी फक्त विचारायचं बाकी होतं.

"पाठ केलेलं कर," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीत कुणाला बसवू नकोस. ऑर्डर घे."

मी मनात म्हटलं, आता पुढे काहीतरी येईल. नाही आलं. जन्मात पहिल्यांदा या बाईने मला सरळ उत्तर दिलं, आणि ते असलं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तुम्हाला खरंच असं वाटतं?

"वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण तू नोकरीबद्दल विचारलंस. नोकरीबद्दल मला एवढंच कळलंय."

मग त्यांनी माझ्या हातात चणे ठेवले आणि माझं बीपी मोजलं. वाढलेलं होतं.

परतीच्या गाडीत निडी आलं, मी उतरले नाही. नागोठणं गेलं. कासूला उतरले, टमटम पकडली आणि खाडीकाठच्या त्या गावात गेले. काकी घराबाहेर जवळा वाळत घालत होत्या. थकल्यात, पण पाठ अजून ताठ. मी सांगितलं, पुढच्या सोमवारी कॉलेजात यायचं, खुर्चीत बसायचं. त्या जवळा सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागल्या टायमाला मी बोलली नि बाईची नोकरी गेली. आता काय बोलू तं तूच सांग."

मी चाट पडले. हे त्यांना कुणी सांगितलं? मॅडमनी नक्कीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, बाई अजून येतात कधी मधी, बसतात, जेवतात, पण कॉलेजच्या पोरी घेऊन येत नाहीत. मी काय इचारलं नाय, ती काय बोलली नाय. पन कलतं ना गो.

त्यांनी वर बघितलं. माझं उत्तर हवं होतं त्यांना, नीट, पाठ करता येईल असं. सरांनी लिहून दिलेलं वाक्य माझ्या पर्समध्ये होतंच. मी म्हटलं, "काकी, तुम्हाला काय वाटतं? जे वाटतं तेच बोला."

"मंग तुजी पन जाईल गो," काकी म्हणाल्या, आणि हात झटकून आत गेल्या, सोमवारी नेसायचं पातळ बघायला.